छोट्या पेट्रोल कारचं खरं ॲव्हरेज कसं काढायचं? प्रत्येक टाकीला वेगळाच आकडा येतोय

रंकाळा_रोड

एक लिटर इंजिनची मॅन्युअल हॅचबॅक आहे, पेट्रोल, २०२२ चं मॉडेल. टायर १६५/७० आर१४, टाकी ३२ लिटरची. कंपनीचा आकडा २४ च्या वर, मीटरमधला डिस्प्ले २०.९ दाखवतो आणि टाकी फुल करून काढलं की दर वेळी तिसरंच काहीतरी येतं. नोंदी अशा आहेत:

१८,२४० किमी – टाकी फुल
१८,५१२ किमी – १५.९० लिटर (१७.१ चं ॲव्हरेज)
१८,८३६ किमी – १४.२० लिटर (२२.८, यात बेळगावला जाऊन-येऊन)
१९,१४२ किमी – १६.६० लिटर (१८.४)

बेळगाव सोडलं तर सगळा वापर कोल्हापुरातला, रोजचाच: राजारामपुरी, दसरा चौक, महाद्वार रोडची गर्दी आणि कामासाठी गोकुळ शिरगाव. एकच गाडी १७ पण देते आणि २३ पण, हे कसं? यातला कुठला आकडा धरायचा? आणि दोष गाडीत आहे की मोजण्यात, हे कशावरून ओळखायचं?

टाकी_ते_टाकी

या नोंदींत गाडीचा दोष मला दिसत नाही. १८,५१२ ला नोझल कट झाल्यावर पंपावरच्या माणसानं आणखी थोडं थोडं सोडून रक्कम गोल केली होती का, तेवढं सांगा. केली असेल तर सगळा घोळ तिथलाच आहे.

हिशोब करून बघा. कट झाल्यावर १.२ लिटर जादा गेलं असं धरू. त्या टाकीला खरं लागलेलं पेट्रोल १४.७० लिटर, म्हणजे ॲव्हरेज १७.१ नाही, १८.५. आता ते जादा १.२ लिटर टाकीत होतंच, म्हणून पुढच्या वेळी पहिल्या कटला तेवढं कमी बसलं. तिथं खरं जळलेलं १५.४० लिटर, म्हणजे २२.८ नाही, २१.०. एका बाजूला ओढलं की दुसऱ्या बाजूला सुटतं. १८.५, २१.० आणि १८.४ असे आकडे समोर ठेवले तर मधला हायवेमुळे जास्त, बाकीचे दोन गावातले, सगळं जागेवर बसतं.

नोझल कट का होतो ते कळलं की पुढचं सोपं जातं. नोझलच्या टोकाला एक बारीक भोक असतं, त्यातून हवा ओढली जाते. पेट्रोल किंवा पेट्रोलचा फेस त्या भोकापर्यंत आला की हवा बंद होते आणि खटका पडतो. म्हणजे खटका टाकी भरली म्हणून पडत नाही, भोक बुजलं म्हणून पडतो. जोरात सोडलं की फेस जास्त, कट लवकर. नोझल अर्धवट घातला किंवा तिरका धरला तरी कट वेगळ्या पातळीला. गाडी उतारावर उभी असली तरी तेच. एका कटपासून दुसऱ्या कटपर्यंत लिटरभराचा फरक सहज पडतो, आणि १५ लिटरच्या भरण्यात एक लिटर म्हणजे साडेसहा टक्के.

म्हणून पथ्य पाळायचं ते असं. शक्यतो एकच पंप, त्यातलं एकच मशीन, गाडीचं तोंड त्याच दिशेला. नोझल पूर्ण आत, वेग मधल्या खाचेवर. पहिला खटका पडला की बंद. रक्कम किती का होईना, यूपीआयच्या जमान्यात १,५७३ रुपये ४० पैसे देणं अवघड नाही. पंपावर पोचल्यावर आधी सांगून ठेवा, ‘पहिल्या कटला सोडा, गोल करू नका’. नोझल गाडीत गेल्यावर सांगितलं तर हात आपसूक दाबलाच जातो.

कटनंतर दाबून भरण्यात दुसरा तोटाही आहे. टाकीच्या वरच्या भागातली मोकळी जागा वाफेसाठी ठेवलेली असते. ती भरली की पातळ पेट्रोल वाफेच्या नळीतून चारकोल कॅनिस्टरमध्ये जाऊ शकतं. कॅनिस्टर वाफ शोषायला बनवलेला असतो, पेट्रोल नाही. तो भिजला की भरल्यानंतर गाडी सुरू व्हायला कुरकुरते, आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू असताना) हलते, आणि पुढे कॅनिस्टर बदलावा लागतो.

आता कुठला आकडा धरायचा? एकही नाही. एकूण धरा. १८,२४० ते १९,१४२ म्हणजे ९०२ किमी. एकूण पेट्रोल ४६.७० लिटर. भागाकार १९.३. हे तुमच्या गाडीचं सध्याचं ॲव्हरेज. यात मधल्या भरण्यांतली कमी-जास्त आपोआप फिटते, चूक उरते ती फक्त पहिल्या आणि शेवटच्या कटची. ती एक लिटरची धरली तरी ४६ लिटरमध्ये दोन टक्के. २०० लिटर होऊ द्या, अर्धा टक्का उरते. त्यामुळे जितकं लांब मोजाल तितका आकडा घट्ट होतो.

एक चूक मात्र फार जण करतात: प्रत्येक टाकीचं ॲव्हरेज काढून त्या ॲव्हरेजची सरासरी काढणं. १८० किमी १२ लिटरमध्ये म्हणजे १५, आणि ४४० किमी २० लिटरमध्ये म्हणजे २२. यांची सरासरी १८.५ येते, पण खरं बघितलं तर ६२० भागिले ३२, म्हणजे १९.४. आधी किलोमीटरची बेरीज, मग लिटरची बेरीज, शेवटी एकच भागाकार.

नोंदवहीत तारीख, ओडोमीटर आणि पावतीवरचे लिटर दोन दशांशापर्यंत, एवढं पुरतं. रुपये लिहायचे तर लिहा, पण रुपयांवरून लिटर काढू नका. मध्येच पाचशेचं टाकलं तर तेही लिहायचं, फक्त त्या ओळीला ‘अर्धवट’ अशी खूण करायची आणि पुढच्या फुल टाकीपर्यंत भागाकार करायचा नाही. फ्यूएलिओसारख्या ॲपमध्ये अर्धवट भरण्याची आणि चुकलेल्या नोंदीची वेगळी खूण असते, ती वापरा. एक भरणं लिहायचं राहिलं आणि खूण केली नाही तर त्या टाकीला ३५-४० चं ॲव्हरेज दिसतं आणि पुढची सगळी बेरीज बिघडते.

ओडो_आधी_तपासा

वरचं सगळं बरोबर. पण भागाकारातला वरचा आकडा, म्हणजे किलोमीटर, खरा आहे हे सगळे गृहीत धरतात. तो चाकाच्या फेऱ्यांवरून येतो आणि फेरीची लांबी टायरवर अवलंबून असते.

१६५/७० आर१४ चा हिशोब: रिम १४ इंच म्हणजे ३५५.६ मिमी, बाजूची भिंत १६५ च्या ७० टक्के म्हणजे ११५.५ मिमी, ती दोन्हीकडून. एकूण व्यास ५८६.६ मिमी, घेर साधारण १.८४ मीटर. दुकानात ‘जरा रुंद टाका, गाडी दबून चालते’ असं सांगून १७५/७० आर१४ बसवला की व्यास ६००.६ मिमी होतो, २.४ टक्के जास्त. तेव्हा गाडी १०२.४ किमी चालते आणि ओडोमीटर १०० दाखवतो. कागदावर ॲव्हरेज पडलं असं वाटतं, पडलेलं नसतं. (रुंद टायरचा रोलिंग रेझिस्टन्स वाढून थोडं खरंच पडू शकतं, पण तो वेगळा मुद्दा.) उलट टायर झिजत जातो तसा व्यास कमी होतो. नव्या टायरची खाच ७-८ मिमी असते आणि कायद्यानं १.६ मिमीपर्यंत चालते, म्हणजे शेवटी शेवटी ओडोमीटर दीड-दोन टक्के जास्त दाखवू शकतो. त्यामुळे नवे टायर घातल्या घातल्या ‘ॲव्हरेज कमी झालं’ ही तक्रार बऱ्याचदा नुसती मोजणीची असते.

तपासायचं कसं: फोनवर जीपीएसचं ट्रिप नोंदवणारं ॲप लावा आणि हायवेला तावडे हॉटेल चौकातून पेठ नाक्यापर्यंत जा. निघताना आणि पोचल्यावर ट्रिप मीटर आणि जीपीएस दोन्ही लिहा. सहापदरीकरणाच्या कामामुळे सर्व्हिस रोडला वळावं लागलं तरी फरक पडत नाही, दोन्ही तोच रस्ता मोजतात. किलोमीटरच्या दगडांवर मात्र विसंबू नका, बायपास आणि वळणरस्त्यांनी ते अंतर जुळत नाही. ही तपासणी घाटात करू नका, वळणांत जीपीएस कोपरे कापतं आणि अंतर कमी भरतं. ट्रिप मीटर ५० आणि जीपीएस ४९.२ आलं तर तुमचा गुणक ०.९८४. एकूण किलोमीटरला तेवढ्यानं गुणा, झालं. टायर बदलले की गुणक नव्यानं काढायचा.

ओडोमीटरची शंका स्पीडोमीटरवरून घेऊ नका. स्पीडोमीटर मुद्दाम थोडा जास्त दाखवतो, कारण नियमानं तो खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवू शकत नाही. काटा ८० आणि जीपीएस ७६ हे नेहमीचं आहे आणि त्याचा ओडोमीटरशी संबंध नाही.

आता डिस्प्लेवरचे २०.९. तिथं पेट्रोल मोजणारं यंत्र नसतं. इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारी तोटी) किती मिलिसेकंद उघडा राहिला यावरून ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणक, पेट्रोलचा अंदाज बांधतो. अंदाज साधारण आशावादी असतो. तुमच्या बाबतीत २०.९ भागिले १९.३ म्हणजे ८ टक्के जास्त, ५ ते १० टक्क्यांत बसतं, काळजीचं काही नाही. पण त्या आकड्याला टाकाऊ समजू नका. तो चुकतो, पण जवळपास तेवढाच चुकत राहतो. गोकुळ शिरगावला शाहू नाक्यावरून जाणं परवडतं की उचगावकडून, एसी लावून आणि न लावता किती फरक, अशा एका फेरीच्या तुलनेला टाकी ते टाकी पद्धत अगदीच ढोबळ आहे. तिथं डिस्प्लेच कामाचा. फक्त टाकीचा खरा आकडा हवा असेल तर त्याला तुमच्या ०.९२ नं (१९.३ भागिले २०.९) गुणा. आणि डिस्प्लेची सरासरी पेट्रोल भरल्यावर आपोआप शून्य होते की हातानं करावी लागते हे मॅन्युअलमध्ये बघून घ्या, काही गाड्यांत दोन्ही पर्याय असतात.

कंपनीच्या २४ बद्दल: तो आकडा प्रयोगशाळेत रोलरवर गाडी चालवून काढलेला असतो. ठरलेलं चक्र ११८० सेकंदांचं, कमाल वेग ताशी ९० किमी, एसी बंद. आणि पेट्रोल मोजत नाहीत, धुरातल्या कार्बनवरून काढतात. एका गाडीची दुसऱ्या गाडीशी तुलना करायला तो चांगला. महाद्वार रोडवर तो मिळावा ही अपेक्षा ठेवायची नाही. तिथं १० मिनिटं थांबून-थांबून गेली तर एक लिटरचं इंजिन आयडलवरच साधारण १०० मिली पितं, एसी असेल तर दीडशेच्या आसपास. तेवढ्यात तुमची गाडी दोन-तीन किलोमीटर चालली असती.

पाच_लिटरचं_माप

पंपाच्या मापाबद्दल दोन गोष्टी. प्रत्येक पंपावर वैधमापन विभागाचा शिक्का असलेलं ५ लिटरचं माप ठेवावं लागतं आणि ग्राहकानं मागितलं तर मोजून दाखवावं लागतं. ५ लिटरला २५ मिलीपर्यंतची चूक नियमात बसते, म्हणजे अर्धा टक्का. एका पंपावर अर्धा टक्का जास्त आणि दुसऱ्यावर अर्धा टक्का कमी असलं तर दोन्ही नियमात, पण तुमच्या वहीत एक टक्का फरक. एकच पंप धरायचं आणखी एक कारण.

सकाळी गार असताना भरलं की जास्त मिळतं, या समजुतीत दम नाही. पेट्रोल एका अंशाला हजारात एक भाग फुगतं हे खरं, पण पंपाची टाकी जमिनीखाली असते आणि तिथलं तापमान दिवसभरात फारसं हलत नाही.

पावसाळ्यात मात्र लक्ष ठेवा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात आपल्याकडे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. पूर ओसरल्यावर पाण्यात गेलेल्या भागातला पंप सुरू झाला की टाकीत पाणी तपासल्याची खात्री करून घ्या. डिपस्टिकला पाणी ओळखणारी पेस्ट लावून तिथंच दाखवता येतं. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये थोडं पाणी विरघळून जातं, पण मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाणी एकत्र खाली बसतं आणि गाडी आधी तेच ओढते.

रंकाळा_रोड

हो, १८,५१२ ला कटनंतर दोन-तीनदा सोडून रक्कम गोल केली होती. म्हणजे १९.३ धरतो आणि इथून पुढं पहिल्या कटला.

आणखी दोन प्रश्न. ई२० मुळे, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे, ॲव्हरेज किती पडतं? कोणी २ टक्के म्हणतं, कोणी १५. आणि आंबा घाटातून रत्नागिरीला जाताना उतारावर न्यूट्रल टाकलं तर वाचतं का? ओळखीचे बरेच जण टाकतात.

ऊसपट्टा_४१६

ई२० चं गणित साधं आहे. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाजूल उष्णता, एक लिटर इथेनॉलमध्ये साधारण २१. ई१० मध्ये ती ३०.९ होते, ई२० मध्ये २९.८. म्हणजे ई१० वरून ई२० वर आल्यावर उष्णता साडेतीन टक्क्यांनी कमी, आणि बिनइथेनॉलच्या पेट्रोलशी तुलना केली तर जवळपास ७ टक्क्यांनी. यापेक्षा जास्त घट निव्वळ इथेनॉलच्या माथी मारता येत नाही. १५ टक्के पडलं असेल तर बाकीचं दुसरीकडं शोधा.

इथेनॉलचा ऑक्टेन (अवेळी पेट न घेण्याची क्षमता) जास्त असतो, त्यामुळे त्यासाठी जुळवलेलं इंजिन थोडी भरपाई करतं. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात ई० साठी बनवलेल्या आणि ई१० ला जुळवलेल्या चारचाकींना ६ ते ७ टक्के, तर ई१० साठी बनवून ई२० ला जुळवलेल्यांना १ ते २ टक्के घट दिली आहे. लोक दोन वेगळ्या गाड्यांचे आकडे एकमेकांना सांगतात, म्हणून वाद होतो. तुमची २०२२ ची. ई२० ला चालणाऱ्या सामग्रीच्या गाड्या एप्रिल २०२३ पासून आल्या, म्हणजे तुमची त्या आधीची. ई१० च्या मानानं ३-४ टक्के धरून चाला, १९.३ मध्ये साधारण पाऊण किलोमीटरपर्यंत. एवढा फरक एका टाकीवरून कधीच पकडता येणार नाही, वर सांगितलं तसं कटचीच चूक त्याहून मोठी आहे. इथं कारखान्यांचं इथेनॉल म्हणून आपल्याला जिव्हाळा आहे आणि ज्यांची गाडी जुनी त्यांना राग आहे. दोन्ही बाजूंनी बोलताना बेरजेचा आकडा हातात असला पाहिजे.

घाटमाथा

न्यूट्रलबद्दल: टाकू नका. वाचत तर नाहीच, उलट जास्त जळतं.

गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय पूर्ण काढला की चाकं इंजिन फिरवतात आणि ईसीयू इंजेक्टर बंद करतो. साधारण १,२०० ते १,५०० आरपीएमच्या वर असेपर्यंत खर्च शून्य. डिस्प्लेवर तत्काळ ॲव्हरेजचा पट्टा असेल तर तो टोकाला जाऊन चिकटतो, स्वतः बघून घ्या. न्यूट्रलमध्ये इंजिनला स्वतःचं आयडल टिकवायचं असतं, म्हणजे तासाला अर्धा-पाऊण लिटर चालूच. ही समजूत कार्ब्युरेटरच्या काळातली आहे. आणि आंबा किंवा करूळ घाटात इंजिनचा आधार सोडून नुसत्या ब्रेकवर उतरलं की डिस्क आणि ड्रम तापतात, ब्रेक फेड होतो, म्हणजे दाबूनही नीट लागत नाही. चढायला जो गिअर लागतो त्याच गिअरमध्ये उतरायचं, दुसरा किंवा तिसरा.

न्यूट्रल कामाचं आहे ते सपाटीवर, पुढं मोकळा रस्ता असताना, आणि तिथंही फायदा एवढा किरकोळ की सवय लावून घेऊ नये.

मोजण्याच्या दृष्टीनं घाटाची दुसरी गंमत आहे. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर. माणसांसकट १,००० किलोची गाडी तेवढी वर चढवायला ५.४ मेगाजूल काम लागतं. इंजिनची कार्यक्षमता २५ टक्के धरली तर पेट्रोलमधली २१-२२ मेगाजूल, म्हणजे ०.७ लिटर. रत्नागिरीला जाताना हे भांडवल मिळतं, येताना फेडावं लागतं. म्हणून कोल्हापुरात फुल करून रत्नागिरीत पोचल्यावर परत फुल केलं की आकडा फुगलेला दिसतो आणि परतीचा पडलेला. जाऊन-येऊन एकत्रच मोजा. पन्हाळ्याला जाऊन येण्याचंही तसंच. चढाचं सगळं उतारावर वसूल होत नाही, कारण ब्रेक मारला तेवढं वाया गेलं.

हायवेवर सगळ्यात मोठा खर्च वेगाचा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो, ८० वरून १०० म्हणजे दीडपटीहून थोडा जास्त. या उंच, बोजड नाकाच्या छोट्या गाड्यांना तो जास्तच जाणवतो. बेळगावची टाकी ८० च्या आसपास चालवलेली होती की १०० च्या, हे नोंदीत एका शब्दात लिहून ठेवत जा.

उद्यमनगरचा_फिटर

गाडीत खरंच काही बिघडलंय का, हा मूळ प्रश्न राहिला. नियम असा ठेवा: तीन-चार टाक्यांचा एकूण आकडा, तोच वापर, तोच ऋतू, आणि तरी ८-१० टक्क्यांनी खाली आला, तर गाडी बघायची. एका टाकीवरून गॅरेजला येऊ नये. नुसत्या संशयावरून प्लग, फिल्टर, इंजेक्टर क्लीनिंग असं एकामागून एक करत सुटलं की पैसे जातात आणि नक्की कशानं फरक पडला तेही कळत नाही.

बघायचा क्रम मी असा ठेवीन. आधी हवा. गाडी रात्रभर उभी असताना, म्हणजे थंड टायरला, ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे. पंपावर १० किमी चालवून जाऊन भरली तर टायर तापलेले असतात आणि थंड झाल्यावर २-३ पीएसआय कमी निघते. स्वतःचा गेज घ्या, पंपावरच्या मशीनवर भरवसा नको.

मग ब्रेक. हे सगळ्यात जास्त सापडतं आणि सगळ्यात कमी तपासलं जातं. सपाट रस्त्यावर ८-१० किमी चालवा, शेवटी ब्रेक न मारता गाडी हळू होऊ द्या, उतरून चारही रिमजवळ हात न्या. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा स्पष्ट गरम लागलं तर ते घासतंय. पुढं असेल तर कॅलिपरच्या स्लाइड पिना सुकलेल्या असतात. काढून, साफ करून, ब्रेकच्या सिलिकॉन ग्रीसनं बसवायच्या, साधं ग्रीस लावलं तर रबर बूट फुगतं. मागं असेल तर हँडब्रेकची केबल जास्त ताणलेली किंवा गंजलेली. पावसाळ्यात हँडब्रेक ओढून गाडी दिवसेंदिवस उभी ठेवली की लायनर ड्रमला चिकटतो. जॅकवर चाक उचलून हातानं फिरवलं की लगेच कळतं.

तिसरं थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडं जाऊ न देणारी झडप. उघडाच अडकला तर इंजिन नीट तापत नाही आणि ईसीयू जास्त पेट्रोल देत राहतो. छोट्या गाड्यांत तापमानाचा काटाच नसतो, फक्त निळा दिवा, तो विझला की सगळे निर्धास्त. ईएलएम३२७ जातीचा ओबीडी ॲडॉप्टर (गाडीच्या तपासणी सॉकेटमध्ये लावून ईसीयूचे आकडे फोनवर दाखवणारा) लावून कूलंटचं तापमान बघा. दहा मिनिटांत ८० च्या वर जायला हवं आणि हायवेला तिथंच राहायला हवं. हायवेला ६५-७० वर घसरत असेल तर थर्मोस्टॅट बदला.

त्याच ॲडॉप्टरवर लाँग टर्म फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे ईसीयू ठरलेल्यापेक्षा पेट्रोल किती टक्के जास्त किंवा कमी देतोय ते. अधिक-उणे ५ टक्क्यांत असेल तर छान, १० च्या बाहेर गेला तर शोध घ्यायचा. अधिककडे गेला तर कुठून तरी हवा शिरतेय किंवा पेट्रोलचं प्रेशर कमी आहे. उणेकडे गेला तर इंजेक्टर गळतोय किंवा कॅनिस्टरमधली वाफ इंजिनात सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह उघडाच राहिलाय. कटनंतर दाबून भरणाऱ्यांच्या गाडीत हा दुसरा प्रकार जास्त. मात्र ई१० च्या गाडीत ई२० टाकल्यावर ट्रिम ४-५ टक्के अधिककडे सरकणं नैसर्गिक आहे. ई२० ला हवेच्या मानानं पेट्रोल जास्त लागतं, १३.५ ला १ असं, ई१० ला ते १४.१ ला १ होतं. तेवढ्यावरून इंजेक्टर उतरवायला लावू नका.

ओबीडी ॲप स्वतःचं ॲव्हरेजही दाखवतं, पण ज्या गाडीत हवेचा प्रवाह मोजणारा सेन्सर नाही, फक्त मॅनिफोल्डचा दाब मोजणारा आहे, तिथं ॲप व्हॉल्युमेट्रिक एफिशियन्सीचा (सिलिंडर प्रत्यक्षात हवेनं किती टक्के भरतो त्याचा) आकडा गृहीत धरतं. तो टाकीच्या बेरजेशी जुळवून घेतल्याशिवाय त्या ॲव्हरेजला अर्थ नाही.

एअर फिल्टरबद्दल एक गैरसमज आहे. इंजेक्शनच्या गाडीत कचरा बसलेल्या फिल्टरनं पिकअप जातो, ॲव्हरेज फारसं नाही, कारण ईसीयू आलेल्या हवेइतकंच पेट्रोल देतो. शिरोली एमआयडीसीच्या धुळीत रोज जाणाऱ्यानं तो लवकर बदलावा, पण इंजिन वाचवण्यासाठी. ऑइल मात्र मॅन्युअलमधल्याच ग्रेडचं. ०डब्ल्यू-२० च्या जागी ‘दाट बरं’ म्हणून २०डब्ल्यू-५० घातलं तर ॲव्हरेज पडतंच, थंड इंजिनला छोट्या छोट्या फेऱ्या असतील तर जास्तच.

कळंबा_सीएनजी

हेच सीएनजीला कसं करायचं? किलोत भरतो, पण दर वेळी कमी-जास्त बसतो.

टाकी_ते_टाकी

सीएनजीत ‘फुल’ ही पातळी नसते, दाब असतो. पंपावर २०० बारच्या आसपास थांबतं, पण गर्दीच्या वेळी कॉम्प्रेसर दमलेला असला की १८० लाच सोडून देतात. शिवाय भरताना सिलिंडर तापतो, थंड झाल्यावर दाब उतरतो. म्हणून प्रत्येक भरण्याच्या आकड्याकडं बघूच नका, नुसती किलोची आणि किलोमीटरची बेरीज चालू ठेवा आणि १०० किलो पार झाल्यावर भागाकार करा. पहिल्या आणि शेवटच्या भरण्याला मशीनवरचा दाब लिहून ठेवा, दोन्ही वेळी सारखा असेल तेव्हाच बेरीज बंद करा. गाडी सुरू होताना पेट्रोलवर चालते, ते पेट्रोल वेगळ्या रकान्यात. फक्त छोट्या फेऱ्या असतील तर महिन्याला दोन-तीन लिटर पेट्रोल तिकडं जातं आणि ते हिशोबात घेतलं नाही तर किलोमागचं ॲव्हरेज फुगलेलं दिसतं.